नाक्यावर एक, फाटकात दोन

मगदूम आण्णा फाटकाबाहेर गाडीत बसून हॉर्न दाबत होते आणि हॉर्न वाजत नव्हता.

मी वरच्या गॅलरीत सहामाहीचे पेपर तपासत बसलो होतो. खाली सगळं नीट दिसत होतं. राखी रंगाची जुनी गाडी फाटकाला नाक लावून उभी, इंजिन चालू, स्टिअरिंगच्या मधोमध आण्णांचा अंगठा. दोनदा दाबत, थांबत, समोर बघत. पुन्हा दोनदा दाबत. हॉर्न वाजल्यावर माणूस जसा थांबतो, अगदी तसेच ते थांबत होते. फक्त वाजण्याचा भाग तेवढा गळला होता.

पाच मिनिटांनी ते उतरले. फाटकाची कडी उजवीकडे ओढली, मग ढकलली, मग तिच्याकडे नुसतं बघत राहिले. पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेला माणूस. धरणांचे आणि कालव्यांचे दरवाजे उघडण्यात सगळी हयात गेलेली.

"सर," त्यांनी वर बघून हाक मारली, "ही कडी कशी उघडतेय हो?"

"आधी वर उचला, मग डावीकडे."

"कुणी बसवली अशी?"

"तुम्हीच, आण्णा."

आण्णांनी कडी वर उचलली, डावीकडे सरकवली, गाडी आत घेतली. तोवर सूर्य समोरच्या पाण्याच्या टाकीमागे गेला होता आणि मगदूमांच्या घरात त्या दिवसाचं जेवण संपलं होतं, म्हणजे सुरूच न होता संपलं होतं. सांगलीतल्या त्या जैन कुटुंबात सूर्य बुडाल्यावर कुणी अन्नाला हात लावत नसे. मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायचो आणि त्यांच्याकडेच जेवायचो, त्यामुळे आण्णा, त्यांच्या पत्नी सुमतीकाकू आणि मी असे तिघंही त्या गुरुवारी उपाशी राहिलो. त्या दोघांना त्याचं पुण्य तरी मिळालं असेल.

या घरातली हॉर्नची व्यवस्था इथे सांगायला हवी. आण्णा रोज चारला कृष्णेच्या घाटावर निवृत्त इंजिनियरांच्या बैठकीला जायचे आणि सूर्यास्ताला जेमतेम वीस मिनिटं उरली की परतायचे. नाक्यावर एक हॉर्न: भाकरी तव्यावर टाका. फाटकात दोन हॉर्न: फाटक उघडा. आधी खात्याची जीप होती, मग ही गाडी आली. हॉर्न बदलला, व्यवस्था तीच राहिली. एकतीस वर्षं काकू पहिल्या हॉर्नला भाकरी टाकत, दुसऱ्याला ती तशीच तव्यावर सोडून फाटकाकडे धावत आणि परत येईपर्यंत भाकरी एका बाजूनं करपत असे. भाकरी ही एका बाजूनं काळीच असते, अशी आण्णांची प्रामाणिक समजूत होती.

पंधरा दिवसांपूर्वी काकूंचे गुडघे दाखवायला आम्ही तिघं डॉक्टरांकडे गेलो होतो. डॉक्टर म्हणाले, "पायऱ्या कमी करा, आणि पळापळ तर अजिबात नको."

आण्णा हसले. "ही घरातच असते हो डॉक्टर. पळतेय कुठं?"

काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या.

तर, शुक्रवारी सकाळी आण्णांनी मला खाली बोलावलं. टेबलावर खोकल्याच्या औषधाची बाटली होती. तिच्या फुटक्या झाकणाला त्यांनी काळी चिकटपट्टी लावली होती आणि पट्टीचं टोक नेहमीप्रमाणे आत दुमडलं होतं. पट्टी कुठलीही असो, आण्णा तिचं टोक दुमडायचे. माझ्या खोलीतल्या गळक्या नळाला, मीटरच्या पेटीला, त्यांच्या स्वतःच्या चष्म्याच्या काडीला, सगळीकडे ते दुमडलेलं टोक होतं. मी राहायला आलो त्या दिवशी त्यांनी मला यावर अर्धा तास ऐकवलं होतं. "पुढं सोडवणाऱ्याची नखं झिजू नयेत, सर. काम करताना पुढच्या माणसाचा विचार पाहिजे."

"सर, हॉर्न बंद पडलाय. तुम्ही बघा."

"मी?"

"फिजिक्सचे प्राध्यापक ना तुम्ही? वीज तुमच्यात येते का केमिस्ट्रीत?"

"आमच्यातच येते. पण मिस्त्रीकडे नेली तर..."

"मिस्त्री कशाला? घरात विद्वान माणूस असताना? रविवारपर्यंत बघा. नाही जमलं तर तसं सांगा." त्यांनी बाटलीतलं औषध झाकणात ओतून घेतलं. "वीज मंडळातला एक वायरमन खोली मागतोय. चौगुले म्हणून आहे. मी त्याला अजून काही बोललो नाही."

मी चोवीस वर्षांचा होतो. तोवर मी विजेवर पाच पेपर उत्तम मार्कांनी पास झालो होतो आणि एकाही वायरला हात लावला नव्हता. प्रयोगशाळेत वायरी जोडायला आमचा शिपाई होता. पण ती खोली सोडणं म्हणजे काकूंचा झुणका, वांगं, शेंगदाण्याची चटणी सोडणं, आणि ते सुद्धा एका वायरमनसाठी. मी म्हणालो, "बघतो."

कॉलेजात गेल्यावर ग्रंथालयातून एक पुस्तक काढलं, कागदावर सर्किटची आकृती काढली. बॅटरीतून फ्यूज, फ्यूजमधून हॉर्न, हॉर्नमधून एक वायर स्टिअरिंगपर्यंत. तिथलं बटण दाबलं की ती वायर गाडीच्या अंगाला टेकते, सर्किट पुरं होतं आणि हॉर्न वाजतो. आकृतीत तो उत्कृष्ट वाजत होता.

दुपारी घरी येऊन मी बॉनेट उघडलं. आण्णा आत झोपले होते. फ्यूजची पेटी शोधायला दहा मिनिटं गेली, आणि सापडली तेव्हा पहिल्यांदा दिसला तो फ्यूज नव्हे, तर पेटीच्या काळ्या झाकणावरचा एक पिवळा अंगठा.

हळदीचा.

झाकण उघडलं. सहा खाचा होत्या आणि फ्यूज पाच. हॉर्नची खाच रिकामी. जळलेला फ्यूज मला पुस्तकात भेटला होता. गायब झालेल्या फ्यूजबद्दल पुस्तकात काहीच नव्हतं.

"सर, चहा टाकू काय?" मागून काकूंचा आवाज आला. त्या पायऱ्या उतरल्या नव्हत्या, वरच्याच पायरीवर खांब धरून उभ्या होत्या.

"काकू," मी हळूच म्हणालो, "फ्यूज कुठंय?"

"कसला फ्यूज?"

मी झाकण वर धरून अंगठा दाखवला.

काकूंनी आधी आण्णांच्या खिडकीकडे बघितलं, मग स्वतःच्या अंगठ्याकडे. "आत या," म्हणाल्या.

स्वयंपाकघरात त्यांनी मिसळणाचा डबा उघडला आणि हळदीच्या वाटीत बोट घालून फ्यूज बाहेर काढला. दुसऱ्या बोटानं पुन्हा आत ढकलून झाकण लावलं.

"तुम्हाला कळलं कसं कुठला काढायचा ते?"

"तुम्हीच सांगितलं की."

"मी?"

"गेल्या रविवारी. मी विचारलं, सर, गाडीत पण घरासारखे फ्यूज असतात काय हो? तर तुम्ही गाडीच्या माहितीपुस्तकात बघून चित्र काढून दाखवलं. दिव्याचा हा, वायपरचा हा, हॉर्नचा हा. किती छान समजावलं! मुलं शिकत असतील तुमच्याकडं."

माझ्या आयुष्यात कुणी माझ्या शिकवण्याचा इतका तत्काळ उपयोग केलेला नव्हता, आणि पुढेही केला नाही.

"पण काकू, आण्णांनी मला रविवारपर्यंत..."

"ऐकलंय मी." त्या पाटावर बसल्या. बसताना एक हात ओट्याला, एक गुडघ्याला. "सर, तो हॉर्न वाजला की मला कळायच्या आत माझे पाय निघतात. मी ठरवलं तरी थांबत नाहीत. त्यांना सांगितलं तर म्हणतील, मग आधी सांगायचं नाहीस का. एकतीस वर्षं सांगितलं नाही, आता काय सांगू? गाडीचं बिघडलं म्हणजे कुणाचंच काही बिघडत नाही."

"आणि मला खोली सोडावी लागली तर?"

"वायरमनला माझ्या हातचं जेवण मिळणार नाही. एवढा शब्द देते."

हे माझ्या काय कामाचं, ते मला कळलं नाही. पण त्यांनी समोर तिळाची चटणी आणि गरम दशमी ठेवली, आणि मग प्रश्न थोडा मागे पडला.

खरं तर मी तिथेच थांबायला हवं होतं. पण शनिवारी सकाळी कॉलेजच्या शिक्षककक्षात हा विषय निघाला (मीच काढला असेन) आणि गणिताचे लठ्ठे सर म्हणाले, "इनामदार, तुम्ही आणि हॉर्न? बल्ब तरी बदलता का हो घरातला?" मला ते लागलं. मी स्वतःला सांगितलं की दुरुस्त करायचं नाही, फक्त निदान पक्कं करायचं. दुसरा फ्यूज घालून एकदा अगदी हळू बटण दाबून बघायचं आणि फ्यूज काढून घ्यायचा. हळू दाबलं तर हॉर्न हळू वाजत नाही, हे प्राध्यापकाला सुचलं नाही.

दुपारी तीनला आण्णा झोपले. मी वायपरचा फ्यूज काढून हॉर्नच्या खाचेत घातला, स्टिअरिंगवर बसलो, श्वास रोखला आणि बटण दाबलं.

काहीच नाही.

पुन्हा दाबलं. जोरात दाबलं. गाडी शांत.

म्हणजे काकूंचा फ्यूज हे कारण पुरं नव्हतं. मी आकृतीचा कागद काढला. प्रयोगशाळेतून आणलेला, दोन वायरी जोडलेला छोटा बल्ब हॉर्नच्या पहिल्या टोकाला लावला, दुसरी वायर गाडीच्या पत्र्याला. बल्ब लागला. मला झालेला आनंद मी इथे लिहीत नाही. वीज हॉर्नपर्यंत येत होती. मग हॉर्न बिघडला, की पुढची वायर? पुस्तकात लिहिलं होतं: हॉर्नचं दुसरं टोक सरळ पत्र्याला टेकवा. मी वायरचा तुकडा घेतला आणि टेकवला.

मगदूमांचा हॉर्न दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी अख्ख्या कॉलनीला ऐकू गेला.

दचकून माझा हात सुटला आणि पुन्हा टेकला. म्हणजे दोन हॉर्न झाले.

घरातून भांडं पडल्याचा आवाज आला आणि काकू बाहेर आल्या. धावत. दोन्ही हातांना पीठ, एक पाय वाकडा पडत होता, कठड्याला कोपर घासत त्या सहाच्या सहा पायऱ्या उतरल्या, अंगण ओलांडलं, फाटकाची कडी पिठाच्या हातानं वर उचलली, डावीकडे सरकवली आणि फाटक सताड उघडलं. बाहेर रस्ता रिकामा होता. मग त्यांनी मागे वळून बघितलं. गाडी अंगणातच होती. गाडीच्या पुढे मी होतो, हातात वायर घेऊन.

त्या फाटकाला टेकून श्वास घेत राहिल्या.

मी मान फिरवली तर खिडकीत आण्णा उभे होते. चष्मा नव्हता, केस विस्कटलेले. ते माझ्याकडे किंवा गाडीकडे बघत नव्हते. काकूंकडे बघत होते. मग पडदा सरकला.

'आता ओरडतील' म्हणून मी थांबलो. कुणीही ओरडलं नाही.

काकू आत गेल्यावर मी स्टिअरिंगवर परत बसलो. आता उरली होती एकच जागा. स्टिअरिंगच्या मधली गोल टोपी स्क्रूड्रायव्हरनं उचकटली. आत बटणाला जोडायची वायर सोडवून बाजूला वळवून ठेवलेली होती. तुटलेली नव्हती, झिजलेली नव्हती. तिच्या उघड्या टोकाला काळी चिकटपट्टी गुंडाळली होती, अगदी सरळ, एकावर एक वेढे.

आणि पट्टीचं टोक आत दुमडलेलं होतं.

मी टोपी परत बसवली. वायपरचा फ्यूज वायपरला दिला. वर जाऊन सहामाहीचे पेपर तपासायला बसलो आणि त्या दिवशी सगळ्यांना थोडे जास्तच मार्क दिले.

रविवारी सकाळी आण्णा अंघोळ, देवळातलं दर्शन सगळं आटोपून गाडीत येऊन बसले. मला शेजारी बसवलं. काचा वर केल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीत काकू तांदूळ निवडत होत्या. एकच मूठ तांदूळ बराच वेळ निवडत होत्या.

"बोला सर. काय सापडलं?"

"आण्णा, हॉर्न चांगला आहे."

"ते कॉलनीला काल कळलं. पुढं?"

"बटणाची वायर सुटलीय. म्हणजे सोडवलीय. तिला पट्टी लावलीय. पट्टीचं टोक दुमडलेलं आहे."

आण्णांनी स्टिअरिंगवरची, त्या टोपीवरची नसलेली धूळ बोटानं पुसली.

"सापडलं तर तुम्हाला," ते म्हणाले. आवाजात निराशा होती. "तीन दिवसांत. मला वाटलं होतं, सहा महिने तरी जातील."

"सहा महिने?"

"मिस्त्री हे दहा मिनिटांत दुरुस्त करतोय, सर. त्याच्याकडे नेऊन कसं चालेल? नाही जमणार अशा माणसाकडं द्यायला पाहिजे होतं. लई विचार करून तुम्हाला निवडलं."

माझ्या गुणवत्तेचं इतकं अचूक मूल्यमापन विद्यापीठानंही केलं नव्हतं.

"आणि तो वायरमन?"

"कुठला वायरमन? असलाच तर त्याला मी घरात येऊ देईन काय? पहिल्या दिवशी दुरुस्त करून ठेवील."

आण्णा समोर बघत म्हणाले, "डॉक्टर बोलले ते डोक्यात राहिलं होतं. मंगळवारी गाडी नाक्यावर ठेवली, एक हॉर्न दिला आणि चालत आलो. गाडीशिवाय. कुंपणाबाहेर उभं राहून बघितलं. हॉर्न ऐकून भाकरी टाकली तिनं. दुसरा हॉर्न आलाच नाही, तरी दारापर्यंत दोनदा येऊन गेली. ओट्यापासून फाटकापर्यंत चौतीस पावलं आहेत, सर. सहा पायऱ्या वेगळ्या. परत येताना तेवढंच." ते थांबले. "हे घर मीच आखलंय. प्लॅनवर अंतर टाकलं होतं मी. फुटात."

"मग नुसता वाजवायचा नाही, आण्णा. वायर कशाला सोडवायची?"

"एकतीस वर्षं वाजवला. एकदम वाजवायचा थांबलो तर तिला कळेल."

"काय कळेल?"

"मला कळलंय, ते."

मी म्हणालो, "रस्त्यावर काय करणार पण? हॉर्न लागतोच."

"रबरी भोंगा बसवतोय खिडकीपाशी. कोंबडा आरवल्यागत वाजतोय. त्याला घाबरून कोण फाटक उघडायला पळणार नाही." मग त्यांना काही आठवलं. "पण गुरुवारी मी वायर सोडवली ती घाटावर, साडेचारला. त्याआधी वाटेत एकदा दाबला तेव्हाही वाजला नव्हता, मला वाटलं अंगठा नीट पडला नाही. आत बाकी सगळं ठीक होतं ना?"

"एक फ्यूज जरा... जागेवर नव्हता."

"नव्हता? माझ्या गाडीत?"

ते उतरले. बॉनेट उघडलं. मी थांबवायच्या आत त्यांचा हात फ्यूजच्या पेटीवर गेला होता आणि तिथेच थांबला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून झाकण जवळून बघितलं. मग आपला अंगठा त्या पिवळ्या अंगठ्याजवळ नेला, न टेकवता, मापासाठी न्यावा तसा. खिशातून रुमाल काढला, थोडा वेळ हातात धरला आणि झाकण न पुसताच परत खिशात ठेवला.

बॉनेट धाडकन खाली आलं.

"काय हो सर!" आण्णा एकदम इतक्या मोठ्यानं ओरडले की खिडकीतल्या काकूंच्या हातातलं सूप हललं. "म्हणजे जमत नाही तर!"

"नाही, आण्णा," मीही ओरडलो. "असाध्य बिघाड आहे. आतला विरोध फार वाढलाय."

"मला वाटलंच होतं! पाच-पाच पेपर पास होऊन काय उपयोग! एक हॉर्न वाजवता येईना!"

"सॉरी, आण्णा."

"राहू दे आता तसाच! खोलीचं पुढं बघू!"

खिडकीतून काकूंनी माझ्याकडे असं बघितलं, जसं फासावर जाणाऱ्या देशभक्ताकडे बघतात. दुपारच्या जेवणात मला दोन पुरणपोळ्या जास्त आल्या. सोमवारपर्यंत गोष्ट कॉलेजात पोचली, आणि या गोष्टीला आता पस्तीस वर्षं झाली तरी लठ्ठे सर मला रस्त्यात भेटले की तोंडानं हॉर्न वाजवतात. मी विभागप्रमुख झालो, दोन पुस्तकं लिहिली, पण वायरीला पुन्हा हात लावला नाही.

त्या रविवारी संध्याकाळी मी गॅलरीत बसलो होतो. पाच वाजताच काकू मोडा घेऊन अंगणात आल्या. फाटकाची कडी उचलून, सरकवून, दोन्ही दारं उघडून त्यांनी एकेका दाराला वीट लावली आणि शेजारी मोड्यावर मेथी निवडत बसल्या. हॉर्न नाही म्हटल्यावर माणूस कधी येईल याचा नेम नव्हता, तेव्हा फाटक उघडंच ठेवणं बरं. रस्त्यावर येणाऱ्याजाणाऱ्यांशी बोलत होत्या. त्या घरात राहायला आल्यापासून मी त्यांना बाहेर बसलेलं पहिल्यांदाच बघत होतो.

आण्णाही हॉर्न नाही म्हणून लवकर आले. टाकीच्या वर सूर्य हातभर होता. गाडी नाक्यावरून वळली, काहीही न वाजवता उघड्या फाटकातून आत शिरली. काकू सावकाश उठल्या, मेथी उचलली, पायऱ्या चढल्या, कठडा धरून, एकेक. आण्णा मागून चढले, दोन पायऱ्यांचं अंतर ठेवून, तेवढ्याच सावकाश. मग काकूंनी समोर बसून, तव्यावरून नजर न हलवता भाकरी भाजल्या.

आम्ही पानावर बसलो. आण्णांनी भाकरी मोडली, उलटीपालटी करून बघितली. दोन्ही बाजू सारख्याच पांढऱ्या, मधे टपोरे तांबूस ठिपके. एक घास खाल्ला. पुन्हा एक खाल्ला. कपाळाला आठी पडली.

"आज भाकरीला काय झालंय गं? कच्ची लागतेय."

काकूंनी माझ्याकडे बघितलं नाही. आण्णांच्या पानात दुसरी भाकरी वाढत म्हणाल्या, "तवा बिघडलाय. सरांना बघायला देऊ या."